प्राडर–विली लक्षणसमूह

प्राडर–विली लक्षणसमूह : जन्मतः स्नायूंचा कमालीचा शिथिलपणा व दूध ओढण्याची असमर्थता आणि पुढे बाल्यावस्थेत कधीही न शमणारी भूक व तीमुळे येणारी अतिस्थूलता, अशा परस्परविरोधी भासणाऱ्या दोन अवस्थांतून जाणारा एक विरळ आनुवंशिक विकार. ठेंगणेपणा, लहान हातपाय, जननेंद्रियांची अपुरी वाढ, बहुधा सौम्य स्वरूपाचे बौद्धिक मंदत्व व काही विशिष्ट वर्तनदोष ही त्याची इतर लक्षणे होत. एकाच मूळ कारणामुळे निरनिराळ्या इंद्रियांत एकत्र आढळणाऱ्या लक्षणांच्या संचाला लक्षणसमूह म्हणतात. येथे हे मूळ कारण पंधराव्या गुणसूत्राच्या (कोशिकेच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्य वाहून नेणाऱ्या सूत्राच्या) एका लहानशा भागात असते. सु. १५,००० ते २५,००० जन्मांमागे एक असे या विकाराचे प्रमाण सर्वसाधारणपणे मानले जाते. मुलगे व मुली यांच्यात तो सारखाच आढळतो आणि कोणताही देश वा वंश त्याला अपवाद नाही.

ज्या अर्भकाला नाकातील नळीवाटे थेंबथेंब दूध द्यावे लागले, तेच मूल सहा-सात वर्षांचे झाल्यावर फडताळाचे कुलूप उघडू पाहते, ही या विकारातील सर्वांत विलक्षण गोष्ट होय. पहिल्या अवस्थेत मूल जगते की नाही या चिंतेत घर असते व दुसरी अवस्था येणार याची कल्पना कोणालाच नसते. ती कल्पना वेळीच मिळाली, तर अतिस्थूलता बव्हंशी टाळता येते. न मिळाल्यास मुलाच्या भुकेला हावरेपणा व आईवडिलांच्या हतबलतेला लाड समजले जाते. त्यामुळे या विकारात निदान किती लवकर झाले यास उपचाराइतकेच महत्त्व आहे.

इतिहास : झुरिक (स्वित्झर्लंड) येथील आंड्रेआ प्राडर, आलेक्सिस लाबहार्ट व हाइन्रिख विली या वैद्यांनी १९५६ मध्ये नऊ रुग्णांच्या निरीक्षणावरून या विकाराचे पहिले सुसंगत वर्णन केले. काही ग्रंथांत प्राडर–लाबहार्ट–विली असेही नाव आढळते ते त्यामुळेच. प्राडर हे बालकांच्या अंतःस्रावी ग्रंथींच्या (ज्यांचा स्राव सरळ रक्तात मिसळतो अशा ग्रंथींच्या) विकारांचे तज्ञ होते, लाबहार्ट प्रौढांमधील त्याच विकारांचे, तर विली यांचे कार्यक्षेत्र नवजात अर्भकांचे होते. ही विभागणी ध्यानात घेण्यासारखी आहे. शिथिल अर्भक एका वैद्यापुढे येते आणि लठ्ठ मूल काही वर्षांनी दुसऱ्याच वैद्यापुढे जाते. ही दोन्ही एकाच विकाराची रूपे आहेत, हे उमगण्यास तिघांचे एकत्र येणे उपयोगी पडले असावे.

विकार अर्थातच त्यापूर्वीही होता. डाउन लक्षणसमूहाला ज्यांचे नाव मिळाले, त्या जॉन लँग्डन डाउन या इंग्रज वैद्यांनी एकोणिसाव्या शतकातच एका ठेंगण्या, अतिशय स्थूल व लहान हातपायांच्या मुलीचे वर्णन करून ठेवले आहे व ते याच विकाराचे असावे असे आज मानतात. माद्रिद येथील प्राडो संग्रहालयात हुआन कारेन्यो दे मिरांदा या स्पॅनिश चित्रकाराने सु. १६८० मध्ये काढलेली एका अतिस्थूल बालिकेची दोन चित्रे आहेत. राजदरबारात नवल म्हणून आणलेल्या या मुलीलाही हाच विकार असावा, असे काही वैद्यांना वाटते. केवळ चित्रावरून केलेले निदान कधीच सिद्ध होत नाही. तथापि चित्रातील बालिकेचे लहान हात व रुसलेला चेहरा पाहिल्यावर हा तर्क सहजासहजी झटकताही येत नाही.

कारणे : मनुष्याच्या प्रत्येक कोशिकेत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात व प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून आणि एक पित्याकडून येते [→ गुणसूत्र]. बहुतेक जनुकांच्या (गुणसूत्रावरील आनुवंशिकतेच्या एककांच्या) बाबतीत दोन्ही प्रती काम करतात. थोड्या जनुकांच्या बाबतीत मात्र तसे नसते. अंडकोशिका व शुक्रकोशिका तयार होत असताना काही जनुकांवर मेथिल गटांच्या रूपाने एक रासायनिक खूण उमटते व त्या खुणेवरून ते जनुक मातेकडील आहे की पित्याकडील हे ठरते. या व्यवस्थेस जनकमुद्रण म्हणता येईल. पंधराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील, मध्यबिंदूजवळच्या एका पट्ट्यात अशी काही जनुके आहेत, की त्यांची मातेकडील प्रत स्वभावतःच मूक असते व केवळ पित्याकडील प्रत कार्य करते. पित्याकडील हा पट्टा काही कारणाने नाहीसा झाला, तर मातेकडील प्रत जागेवर असूनही निरुपयोगी ठरते व प्राडर–विली विकार होतो.

पट्टा नाहीसा होण्याचे प्रकार तीन आहेत. सु. ६० ते ७० टक्के रुग्णांत पित्याकडून आलेल्या गुणसूत्राचा तेवढा तुकडा गळालेला असतो. १९८१ साली डी. एच्. लेडबेटर व त्यांचे सहकारी यांनी सूक्ष्मदर्शकाच्या सुधारित तंत्राने तो प्रथम दाखविला. तो नेहमी पित्याकडील गुणसूत्रावरच गळालेला असतो, हे १९८३ मध्ये एम्. जी. बटलर व सी. जी. पामर यांनी निदर्शनास आणले. दुसऱ्या प्रकारात गुणसूत्र कोठेही तुटलेले नसते. पण मुलाची पंधराव्या गुणसूत्राची दोन्ही सूत्रे मातेकडूनच आलेली असतात. अंडकोशिकेत चुकून दोन सूत्रे राहतात, शुक्रकोशिकेबरोबर तिसरे येते आणि गर्भ वाचविण्याच्या ओघात तीनपैकी नेमके पित्याकडील सूत्र टाकले जाते, असा हा क्रम असतो. हा प्रकार १९८९ मध्ये आर्. डी. निकल्स व सहकारी यांनी उघडकीस आणला. मातेचे वय वाढते तसे त्याचे प्रमाण वाढते. तिसरा प्रकार अतिविरळ असून त्यात मुद्रणाच्या यंत्रणेतच दोष असतो.

याच पट्ट्याची मातेकडील प्रत नाहीशी झाली, तर अगदी निराळाच विकार होतो. तीव्र बौद्धिक मंदत्व, बोलता न येणे, आचके, तोल जाणारी चाल व कारण नसता येणारे हसू ही त्याची लक्षणे असून हॅरी एंजेलमन यांनी १९६५ मध्ये त्याचे वर्णन केले होते. एकाच जागेच्या दोषातून, तो कोणत्या जनकाकडून आला यावरून दोन भिन्न विकार उद्भवतात, हे मानवी आनुवंशिकतेतील जनकमुद्रणाचे पहिले ठळक उदाहरण ठरले.

दोष पित्याकडील गुणसूत्रात असतो याचा अर्थ पित्याचा दोष असतो असा नाही. तुकडा गळणे वा सूत्रांची वाटणी चुकणे ही यदृच्छेने घडणारी घटना आहे. गर्भारपणातील आहारविहार, औषधे, ग्रहण पाहणे वा नात्यातील विवाह यांचा तिच्याशी काहीही संबंध नाही. हे येथे मुद्दाम नमूद करावयाचे कारण असे, की अशा मुलाच्या जन्मानंतर घरात पहिला शोध बहुधा मातेच्या चुकीचा सुरू होतो.

नवजात अवस्था : विकाराची चाहूल गर्भावस्थेतच लागू शकते. गर्भाची हालचाल मंद असते, गर्भजल पुष्कळदा अधिक असते व प्रसूतीच्या वेळी मूल पायाळू असण्याचे प्रमाण जास्त असते. जन्मलेले मूल पाळण्यात ठेवले असता हातपाय सैल पसरून पडून राहते. काखेत हात घालून उचलले, तर निसटून पडेल की काय असे वाटते. रडणे क्षीण असते. भूक लागली म्हणून ते जागे होत नाही. स्तन तोंडात घेते पण ओढत नाही. ओढले तरी दोन-चार घोटांत थकून झोपी जाते. ‘मूल फार शांत आहे, त्रास म्हणून देत नाही’ असे घरातील वडीलधारी माणसे कौतुकाने सांगतात. वैद्याने मात्र अशा शांतपणाने सावध व्हावे. जे अर्भक कधीच दुधासाठी रडत नाही, ते समाधानी आहे असे गृहीत धरणे धोक्याचे असते.

मुलग्यांत वृषणे वृषणकोशात उतरलेली नसतात व शिश्न लहान असते. हे लक्षण इतक्या नियमाने आढळते, की शिथिल अर्भकात ते दिसताच या विकाराची शंका घ्यावी. मुलींत बाह्य जननेंद्रियांची वाढ कमी असते, पण ती सहसा नजरेस येत नाही. मुलींचे निदान मागे पडण्याचे हे एक कारण होय. चेहरा पाहून निदान करणे या वयात कठीण असते. तरीही अरुंद कपाळ, बदामाकृती डोळे, पातळ वरचा ओठ व खाली वळलेले ओठांचे कोपरे यांकडे लक्ष द्यावे. लाळ घट्ट व चिकट असते. गुणसूत्राचा तुकडा गळालेल्या प्रकारात त्वचारंजकाशी संबंधित एक जनुकही त्याबरोबर जात असल्याने मूल पुष्कळदा कुटुंबातील इतरांपेक्षा गोरे असून त्याचे केस फिकट असतात. आपल्याकडे अशा गोरेपणाचे कौतुकच होते. ते एखाद्या विकाराचे चिन्ह असू शकेल असे कोणाच्या मनातही येत नाही.

शिथिल अर्भकाच्या इतर कारणांपासून हा विकार वेगळा ओळखावा लागतो. मेरुरज्जूतील प्रेरक तंत्रिका कोशिकांच्या ऱ्हासाने होणाऱ्या स्नायू अपपुष्टीत मूल तितकेच लुळे असते. पण त्याची नजर तरतरीत असते, गुडघ्याची प्रतिक्षेपी क्रिया मिळत नाही व अशक्तपणा दिवसेंदिवस वाढत जातो. प्राडर–विली विकारातील मूल याउलट सुस्त असते आणि त्याची शक्ती हळूहळू वाढत जाते. जन्मतः असलेली अवटू ग्रंथीची न्यूनता, डाउन लक्षणसमूह, प्रसूतीच्या वेळी मेंदूस ऑक्सिजन कमी पडणे व रक्तातील जंतुसंसर्ग यांचाही विचार करावा लागतो. यांपैकी ‘जन्मतः श्वास कोंडला’ हे कारण फार सहजपणे चिकटविले जाते. प्रसूती सुखरूप झाली होती, मूल जन्मतःच व्यवस्थित श्वास घेत होते आणि तरीही ते लुळे आहे, अशा वेळी हे निदान नाकारून पुढे शोध घेतला पाहिजे.

भुकेचे वळण : पहिल्या नऊ महिन्यांनंतर मूल सावरू लागते. दूध ओढू लागते, वजन रीतसर वाढते, पाहणाऱ्याकडे हसते. बसणे सु. एक वर्षाचे व चालणे सु. दोन वर्षांचे होईपर्यंत लांबते, बोलणे त्याहूनही लांबते. तरी संकट टळले अशीच घरातील सर्वांची भावना होते. निदान झाले नसेल तर वैद्याकडील फेऱ्या याच सुमारास थांबतात. ही अवस्था दुसऱ्या वाढदिवसाच्या आगेमागे संपते.

दोन ते साडेचार वर्षांच्या दरम्यान वजन वयाच्या मानाने अधिक वाढू लागते. पण या काळात मुलाचा आहार वाढलेला नसतो. जे इतर मुले खातात तेवढेच ते खाते व तरीही लठ्ठ होते. शरीरातील स्नायूंचे प्रमाण कमी व मेदाचे अधिक असल्याने आणि हालचाल बेताची असल्याने ऊर्जेची गरज कमी असते. सर्वसाधारण मुलाच्या सु. ६० ते ८० टक्के आहार त्याला पुरतो. म्हणजे वजन आधी वाढते व भूक नंतर येते. हा क्रम २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, रुग्णांच्या दीर्घकालीन निरीक्षणांतून स्पष्ट झाला. तो लक्षात घेता आहाराचे नियंत्रण भूक दिसू लागल्यावर नव्हे, तर त्यापूर्वीच सुरू करावे लागते. नेमक्या याच वयात, आधी रोडावलेले मूल आता गुटगुटीत झाले म्हणून घरात आनंद असतो. त्या आनंदावर विरजण घालण्याचे अप्रिय काम वैद्याला करावे लागते.

साडेचार ते आठ वर्षांच्या दरम्यान मूल अन्नाविषयी सतत बोलू लागते. जेवण कधी, जेवणात काय, नंतर काय मिळणार, हेच त्याचे प्रश्न असतात. आठ वर्षांच्या सुमारास (काहींत बरेच आधी) तृप्तीची जाणीव जवळजवळ नाहीशी होते. जेवण झाल्यावर पोट भरल्याचा संदेश मेंदूस मिळावा तसा मिळत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या आणि भूक, झोप, तापमान व पोष ग्रंथीचे स्राव यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या अधोथॅलॅमस या भागाच्या कार्यातील बिघाड याच्या मुळाशी आहे. जठरात तयार होणारे घ्रेलिन हे भूक चेतविणारे हॉर्मोन या रुग्णांच्या रक्तात बरेच अधिक असते, असे २००२ मध्ये आढळले. परंतु केवळ त्यानेच सर्व भुकेचा उलगडा होत नाही. या अवस्थेतील मूल अन्न लपविते, चोरते, त्यासाठी पैसे उचलते, रात्री उठून स्वयंपाकघरात जाते; कच्चे पीठ, गोठलेले वा टाकून दिलेले अन्नही खाते. याला चोरी म्हणून शिक्षा करणे म्हणजे तहानलेल्याला पाणी प्याल्याबद्दल शिक्षा करण्यासारखे आहे. मूल बुद्धीने मंद असले, तरी अन्न मिळविण्याच्या बाबतीत ते मोठी चतुराई दाखविते व त्यामुळे ते ‘सर्व समजून करते’ असा पाहणाऱ्यांचा ग्रह होतो.

निदान : व्ही. ए. होल्म व सहकारी यांनी १९९३ मध्ये लक्षणांना गुण देऊन निदान करण्याची पद्धत सुचविली. तीन वर्षांखालील मुलांसाठी पाच व त्यापुढे आठ गुण आवश्यक मानले गेले. आता अंतिम निर्णय जनुकीय चाचणीवर अवलंबून असल्याने या पद्धतीचा उपयोग चाचणी कोणाची करावी हे ठरविण्यापुरता उरला आहे. रक्ताच्या लहानशा नमुन्यातील डीएनएची मेथिलीकरण चाचणी ९९ टक्क्यांहून अधिक रुग्णांत निर्णायक ठरते, कारण तीत तिन्ही प्रकार सापडतात. प्रकार कोणता हे पुढील चाचण्यांनी ठरवावे लागते. गुणसूत्रांच्या सर्वसाधारण तपासणीत हा दोष पुष्कळदा दिसत नाही. तसेच केवळ गळालेला तुकडा शोधणारी चाचणी केली, तर दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारातील रुग्ण निसटतात. म्हणून ‘गुणसूत्रे तपासली, ती ठीक आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नये.

मोठ्या मुलात साध्या लठ्ठपणापासून हा विकार ओळखण्याची एक सोपी खूण आहे. अतिआहाराने लठ्ठ झालेले मूल बहुधा वयाच्या मानाने उंचही असते. प्राडर–विली विकारातील मूल लठ्ठ पण ठेंगणे असते आणि त्याचे तळहात व तळपाय लहान असतात. अशा मुलाच्या आईला ‘हे जन्मल्यावर दूध ओढत होते का?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. पुष्कळदा त्याच्या उत्तरातच निदान असते.

उपचार : विकार मुळापासून बरा करण्याचा उपाय आजमितीस नाही, मात्र त्याचे परिणाम फार मोठ्या प्रमाणात रोखता येतात. नवजात अर्भकाला ते रडण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे, जागे करून दूध द्यावे. आईचे दूध काढून देणे उत्तम. गिळण्याची शक्ती कमी असताना चमच्याने वा बोंडल्याने घाईने घातलेले दूध श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे किंवा महिने नाकातील नळी वापरणे सुरक्षित असते. तिची भीती वाटावयाचे कारण नाही. पुढे मूल लठ्ठ होणार या धास्तीने पहिल्या वर्षात दूध वा स्निग्ध पदार्थ तोडणे मात्र सर्वथा चूक आहे, कारण हा मेंदूच्या वाढीचा काळ असतो. व्यायामोपचार पहिल्या महिन्यांपासून व वाचोपचार त्यापाठोपाठ सुरू करावे. न उतरलेली वृषणे बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षात शस्त्रक्रियेने जागी आणतात.

वाढीचे हॉर्मोन हा यातील सर्वांत परिणामकारक औषधोपचार आहे. पोष ग्रंथीतून हे हॉर्मोन बहुतेक रुग्णांत कमी स्रवते. अमेरिकेत या विकारासाठी त्याच्या वापरास २००० साली मान्यता मिळाली. रोज रात्री त्वचेखाली टोचल्या जाणाऱ्या या औषधाने केवळ उंचीच वाढते असे नाही. स्नायू भरतात, मेद घटतो, मूल लवकर चालू लागते आणि लहानपणी सुरू केल्यास बौद्धिक विकासासही साहाय्य होते. म्हणूनच ते आता पहिल्या वर्षातच सुरू करण्याकडे कल आहे. ते सुरू करण्यापूर्वी व केल्यानंतर झोपेतील श्वसनाची तपासणी करणे आवश्यक असते. गलग्रंथी (टॉन्सिल) वाढलेल्या, अतिस्थूल वा श्वसनाचा त्रास असलेल्या काही मुलांचा उपचारांच्या आरंभीच्या महिन्यांत मृत्यू झाल्याचे नमूद आहे. पाठीचा कणा बाजूस वाकणे हाही या विकारातील नेहमीचा दोष असल्याने उंची वाढत असताना कण्यावर लक्ष ठेवावे लागते.

हा उपचार अनेक वर्षे चालतो व सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मिळ रोगांविषयीच्या राष्ट्रीय धोरणात प्राडर–विली विकारातील वाढीच्या हॉर्मोनाच्या उपचाराचा समावेश असून मान्यताप्राप्त केंद्रांमार्फत आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे अशा केंद्रांपैकी एक होय.

भूक कमी करणारी नेहमीची औषधे येथे निष्प्रभ ठरली. डायझॉक्साइड कोलीन या औषधास चार वर्षांवरील रुग्णांतील अतिक्षुधेसाठी अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये मान्यता मिळाली. या लक्षणासाठी मान्य झालेले ते पहिलेच औषध आहे. त्याने रक्तातील साखर वाढणे, अंगावर सूज येणे व लव वाढणे असे दुष्परिणाम होऊ शकतात आणि त्यामुळे आहारावरील नियंत्रणाची गरज संपत नाही.

घरातील व्यवस्था : हे नियंत्रण कोणत्याही औषधाइतकेच महत्त्वाचे असून ते मुलावर नव्हे, तर अन्नावर ठेवावयाचे असते. मुलाला ‘मनावर ताबा ठेव’ असे सांगणे व्यर्थ होय. अन्न कुलपात असावे, स्वयंपाकघराला दार असावे आणि फळांची टोपली वा फराळाचे डबे नजरेस पडू नयेत. ऐकताना हे निष्ठुर वाटते. प्रत्यक्षात अनुभव उलट आहे. अन्न मिळविण्याची संधीच नाही हे पक्के कळल्यावर मूल शांत होते, कारण मग त्याला सतत त्याच्या मागावर राहावे लागत नाही. त्याला दोन गोष्टींची खात्री हवी असते : जेवण ठरल्या वेळी नक्की मिळेल आणि त्याखेरीज काहीही मिळणार नाही. दिवसभराच्या जेवणाची वेळ व पदार्थ चित्रांनी भिंतीवर लावून ठेवल्यास त्याच त्या प्रश्नांचा भडिमार कमी होतो.

आहारात भाजी, कोशिंबीर, मोड आलेली कडधान्ये, वरण, ताक यांचे प्रमाण अधिक व भात, साखर, तळलेले पदार्थ यांचे कमी असावे. आहाराचे माप आहारतज्ञाने वजन व उंची पाहून वेळोवेळी ठरवावे. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व पूरक म्हणून द्यावे लागते. ताट एकदाच वाढावे व लहान घ्यावे.

आपल्याकडे सर्वांत अवघड भाग घराबाहेरचा असतो. देवळातील प्रसाद, वाढदिवसाची मिठाई, शेजारघरची खाऊची वाटी व लग्नाच्या पंगतीतील आग्रह यांतून मूल वाचविणे म्हणजे समाजाशी रोज वाद घालणे होय. आजी-आजोबांना निदान नीट समजावून सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. ते आईवर सोपवू नये, कारण तिचे म्हणणे पुष्कळदा ऐकले जात नाही. शाळेत डब्याच्या सुट्टीत देखरेख हवी आणि बक्षीस म्हणून गोळी-चॉकलेट कधीही देऊ नये. एकदा दिलेली सवलत मूल विसरत नाही. तीच पुढे त्याच्या हट्टाचा आधार बनते.

हट्ट, अचानक येणारे रागाचे झटके, नित्यक्रमात बदल सहन न होणे व त्वचा खरवडून जखमा करणे हे वर्तनदोष तीन वर्षांनंतर दिसू लागतात. कार्यक्रमातील बदल आगाऊ सांगणे, थोडक्या शब्दांत बोलणे व रागाच्या भरात वाद न घालणे एवढ्याने बरेच साधते. याच मुलांपैकी अनेक जण प्रेमळ, लहान मुलांशी व प्राण्यांशी मायेने वागणारे असतात आणि चित्रांचे तुकडे जुळविण्याच्या खेळात काहींचे कौशल्य थक्क करणारे असते.

आजारपणातील दक्षता : या मुलांना वेदना कमी जाणवतात व संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही. हाड मोडलेले मूल चालत राहते. उलटी सहसा होत नाही. त्यामुळे पोट फुगलेले असून मूल उलटी करीत असेल, तर ते प्रकृती गंभीर असल्याचे लक्षण समजावे. एखाद्या समारंभात बेसुमार खाल्ल्यानंतर जठर ताणून त्याच्या भित्तीचा रक्तपुरवठा खंडित होणे व ते फुटणे अशा घटना घडल्या आहेत. नेहमी भुकेले असणाऱ्या मुलाने अन्न नाकारले, तर तेवढ्यावरूनच त्याला रुग्णालयात न्यावे. अन्न घाईने गिळताना घास अडकण्याचा धोकाही असतो. काही रुग्णांत गंभीर आजाराच्या वेळी अधिवृक्क ग्रंथींचा स्राव कमी पडतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी त्याचा विचार करतात. भूल देणाऱ्या वैद्याला निदान आधी सांगावे. मूल उपाशी आहे या त्याच्या स्वतःच्या सांगण्यावर विसंबू नये.

पुढील आयुष्य : पौर्वगंडावस्था अपुरी राहते व लैंगिक हॉर्मोने द्यावी लागतात. अनियंत्रित स्थूलतेमुळे होणारा मधुमेह, झोपेतील श्वासावरोध व हृदयाची अकार्यक्षमता ही पूर्वी तरुणपणातील मृत्यूची प्रमुख कारणे होती. वजन ताब्यात राहिलेले रुग्ण मध्यम वयापर्यंत व त्यापुढेही जगतात, मात्र अन्नाच्या बाबतीत देखरेखीची गरज जन्मभर राहते.

पुढचे मूल होऊ देण्यापूर्वी आईवडिलांनी आनुवंशिकी तज्ञाचा सल्ला घ्यावा. पहिल्या दोन प्रकारांत विकार पुन्हा होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे एक टक्क्याहूनही कमी असते. तिसऱ्या प्रकारात मुद्रण नियंत्रित करणारा लहानसा तुकडा पित्याच्याच गुणसूत्रावर गळालेला असेल, तर ती पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून विकाराचा प्रकार निश्चित केल्यावाचून याबाबत आश्वासन देऊ नये. या विकाराच्या पुरुषांना अपत्य झाल्याची नोंद नाही. थोड्या स्त्रियांना झाले आहे. गुणसूत्राचा तुकडा गळालेल्या स्त्रीकडून तेच गुणसूत्र मुलाकडे गेल्यास ते आता मातेकडील ठरते व त्या मुलाला प्राडर–विली नव्हे, तर एंजेलमन लक्षणसमूह होतो.